माओची कविता आणि उत्तराचा हक्क

माओ त्से-तुंग क्रांती बोलायचा नव्या भाषेत, पण कविता लिहायचा जुन्या वृत्तांत. मग तो मनातून सरंजामीच होता का, असं काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र वृत्तात सापडणार नाही.

चीनमधे शतकानुशतकं सरकारी अधिकारी निवडायची परीक्षा अभिजात ग्रंथांवर व्हायची. ती १९०५ साली बंद झाली. १९१९ च्या चळवळीतल्या तरुणांनी पंडिती भाषा झुगारून बोलीत लिहायला घेतलं. माओ त्याच पिढीतला. तरी त्याची १९३६ ची ‘बर्फ’ ही कविता जुन्या चालीवर बेतलेली आहे. ११४ अक्षरं, ओळींची लांबी ठरलेली, स्वरांचे चढउतारही ठरलेले. तिच्यात तो एकेका सम्राटाचं उणं काढतो. १९४५ साली ती छापून आली तेव्हा विरोधक म्हणाले, ह्यालाच सम्राट व्हायचंय!

जुनं वृत्त वापरलं हा काही गुन्हा नाही. बाबासाहेबांनी राज्यकर्त्यांचीच इंग्रजी घेतली आणि तिच्यातच त्यांना जाब विचारला. धन्याचं हत्यार आपल्या हाती आलं तर ते टाकायचं कशाला?

१९५७ साली ‘शृ-खान’ मासिकाच्या पहिल्या अंकात माओच्या १८ कविता आल्या. सोबतच्या पत्रात त्याने सांगितलं, तरुणांना ह्या वृत्तांची शिफारस करू नये; ती विचाराला जखडतात, शिकायलाही अवघड. सल्ला खोटा नव्हता. स्वतः मात्र तो पुढेही त्याच वृत्तांत लिहीत राहिला.

पण खरी गोष्ट त्याआधीची आहे. १९४२ साली येनानमधे वांग शृ-वेई ह्या लेखकाने साध्या गद्यात लिहिलं, की इथेही खाण्यात आणि कपड्यांत प्रतवारी आहे. समतेची लढाई लढणाऱ्यांच्या तळावर समतेचीच मागणी! त्याला भर सभांतून झोडपलं, कैदेत टाकलं. १९४७ साली त्याला ठार मारलं.

तेव्हा दोस्तहो, कवितेचं वृत्त नंतर तपासू. आधी हे विचारू, की ह्या कवीला उलट बोलायची सोय कुणाला आहे? तशी सोय नसेल तर मुक्तछंदसुद्धा दरबारीच.

आणि हा प्रश्न फक्त चीनला लावून चालणार नाही. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं. आपल्यातही कवी आहेत, पुढारी आहेत, कवी-पुढारीही आहेत. त्यांच्या ओळी जरूर पाठ करा. पण त्यांच्या तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणणाऱ्या पोराच्या मागे आपण उभे राहतो का, तेही बघा.