युक्त आहार आणि एकादशीची खिचडी



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७

भगवंत अर्जुनाला ध्यान शिकवता शिकवता थेट जेवणावर येतात. जो फार खातो त्याला योग साधत नाही आणि जो मुळीच खात नाही त्यालाही नाही. पुढच्या श्लोकात ते युक्त आहार सांगतात, म्हणजे मोजका आणि आपल्याला मानवेल असा.

डायबेटिस असलेल्याची खरी परीक्षा एकादशीलाच होते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी नाशिकहून त्र्यंबकला पायी निघा, वाटेत फराळाला साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, केळी आणि गोड चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च! एरवी भाकरी मोजून खाणारे आपण ‘उपास आहे ना’ म्हणत दोन प्लेट संपवतो. त्यापेक्षा ताक, काकडी, मूठभर दाणे बरे.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. गोळी किंवा इन्सुलिन रोजच्यासारखं घ्यायचं आणि वर कडक उपास. साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात. अशा वेळी साखर किंवा ग्लुकोज लगेच खायचं, एकादशी मोडली तरी. देहाला छळणारं तप गीतेने सतराव्या अध्यायात तामस ठरवलंय. उपास धरण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांना विचाराच.

आणि प्रसाद? पेढा नाकारला तर पाप लागतं का? अजिबात नाही. हातावर घ्या, कपाळाला लावा, कणभर जिभेवर ठेवा, बाकीचा शेजारच्याला द्या. ‘एकाने काय होतंय रे?’ असं मावशी प्रेमाने म्हणते, तिच्याशी वाद कशाला!

मला वाटतं, मोजून खाणं उपासापेक्षा अवघड आहे. उपास एका दिवसाचा, चार लोक कौतुक करतात. अर्धी वाटी भात घेऊन ताटावरून उठणं रोजचं, ते कुणाला दिसतही नाही. त्यात आपल्या नाशिकची द्राक्षं! फळच आहे म्हणत घड कधी संपतो कळत नाही.

संपला तर? याच अध्यायात श्लोक २६ मध्ये भगवंत सांगतात की मन जिथे पळेल तिथून त्याला परत आणा. किती वेळा, याची मर्यादा त्यांनी घातलेली नाही. दुपारी चुकलं तर रात्रीच्या जेवणाला पुन्हा मोजून बसायचं.

उद्या श्लोक १८ पाहू. राम कृष्ण हरी!