उचलीतला तिचा हिस्सा

पोळा सरला की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या आपल्या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीच्या मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात. अंकुशनगरचा समर्थ साखर कारखाना आपल्या जालना जिल्ह्यातच आहे, तरी इथल्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, थेट कर्नाटकापर्यंत जातात. कोयता ठरतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी ठरते, आणि उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, हातात पडते. कुणाला पन्नास हजार, कुणाला लाख, कुणाला त्याहून जास्त. एवढी रक्कम एकदम दिसण्याची वर्षातली ही एकच वेळ. दवाखान्याचं देणं, लग्नाचं देणं, किराणा दुकानाची उधारी दारात उभीच असते. तरीही त्या आठ-पंधरा दिवसांत लेकरांना कपडे येतात, एखादा मोबाइल येतो, घरात मटण शिजतं.

‘या लोकांना पैसा टिकवता येत नाही,’ हे वाक्य शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी फार वेळा ऐकलं आहे. मला ते पटत नाही. पुढचे पाच-सहा महिने थंडीत पहाटे उठून फडात जायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची, कोपीत झोपायचं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दसऱ्याला लेकरांसोबत चार घास गोडाचे खाल्ले तर हिशेब मागणारे आपण कोण? ज्याच्या पगाराची तारीख ठरलेली आहे त्याने दुसऱ्याच्या हौसेवर बोट ठेवू नये.

घरातल्या दोघांनी एकमेकांना मात्र हिशेब मागावा, आणि तो रुपयांत मांडण्याआधी टनांत मांडावा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि तो टनाला 366 रुपये झाला. एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. या दराने लाखाची उचल फेडायला पावणेतीनशे टनांच्या आसपास ऊस तोडावा लागतो, म्हणजे एकही खाडा न करता साडेचार महिने. दहा हजारांचा मोबाइल सत्तावीस टनांचा. रोजची दहा रुपयांची पुडी वर्षाला 3,650 रुपये खाते, म्हणजे जवळजवळ दहा टन, आणि ते दोघांच्या कंबरेतून निघतात. पुडी मात्र एकाच्याच खिशात असते.

हे फक्त ऊसतोडीच्या घरातलं नाही. 2022-23 च्या केंद्र सरकारच्या घरखर्च पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पान, तंबाखू आणि नशेच्या वस्तूंवरचा खर्च एकूण खर्चाच्या 3.79 टक्के निघाला, तर शिक्षणावरचा 3.30 टक्के. सरकारी शाळेत फी नसते, त्यामुळे दुसरा आकडा तसाही लहान राहतो हे खरं. पण वह्या, चप्पल, बसचं भाडं, परीक्षेचा फॉर्म या गोष्टी शाळा फुकट असली तरी फुकट होत नाहीत, आणि नेमक्या त्याच पुढच्या बाजारावर ढकलल्या जातात. रोजचा दहा रुपयांचा खर्च कुणाला सांगावा लागत नाही. लेकराच्या चपलेसाठी घरात चर्चा होते. लहान खर्च असा नजरेआड राहतो आणि वर्षभरात मोठ्या खर्चाला मागे टाकतो.

उचलीतली पहिली वाटणी मागे राहणाऱ्या लेकराची असावी, कपड्यालत्त्याच्याही आधी. मूल गावात आजीजवळ ठेवलं तर आजीच्या हाती पाच महिन्यांचं धान्य, तेल आणि थोडी रोकड द्यावी लागते. ते जमलं नाही की मूल टोळीबरोबर निघतं, मग ऐन मार्गशीर्षात त्याची शाळा म्हणजे फडाचा बांध, आणि थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड. हंगामी वसतिगृहांची सोय याच काळासाठी आहे. 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली, तिच्या पहिल्या टप्प्यात आपल्याकडच्या घनसावंगी आणि अंबडची नावं होती. गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी धावाधाव करण्यापेक्षा उचल घेतली त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना जाऊन भेटावं. आपली माणसं हे काम शेवटावर ठेवतात, कारण त्याला पैसा लागत नाही, आणि पैसा न लागणारी कामं घाईत विसरतात.

या वाटणीत एका माणसाच्या नावावर काहीच पडत नाही. ‘माझं काय, भागतंय,’ असं म्हणून आई बाजूला होते. चष्मा पुढच्या वर्षी. पोटात दुखतं ते हंगाम संपल्यावर बघू. आपण या वाक्याचं कौतुक करतो, त्याला त्याग म्हणतो. मला त्याची भीती वाटते. कोयत्याला दोन हात लागतात म्हणूनच जोडीची उचल मिळते, तिच्यातली अर्धी मजुरी तिची आहे. फडावर तिच्या हातात येणारा सुटा पैसा म्हणजे वाढे विकून मिळालेला, आणि तोही मीठ-मिरची, तेल, चहापत्तीत संपतो. स्वतःच्या अंगावर, औषधावर, पाळीच्या कपड्यावर खर्च करायचा तर तिला कुणाकडे तरी मागावं लागतं. मागायचं नको म्हणून ती दुखणं दाबते.

दाबलेल्या दुखण्याचं पुढे काय होतं हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवून दिलं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम बुडालं तर खाड्याचा दंड, वेळेवर साधी तपासणी नाही, आणि मग खासगी दवाखान्यात मोठं ऑपरेशन, ज्याच्यासाठी पुन्हा उचल. वेळेवर दोन-चारशे रुपये खर्च करून झालेली तपासणी किती टनांची? एका टनाची. त्या एका टनाला चैन ठरवून अनेक घरांनी पुढचे कित्येक हंगाम गहाण टाकले. आई अंथरुणाला खिळली की लेकराची शाळा सगळ्यात आधी सुटते, त्यातही मुलीची. म्हणून आईच्या औषधाचा, चष्म्याचा, पायातल्या धड चपलेचा खर्च मी लेकराच्याच खर्चात धरतो. आणि औषधापलीकडे तिला एखादी आवडीची साडी, जत्रेतल्या बांगड्या, स्वतःच्या फोनचं रिचार्ज हवं असेल, तर त्यासाठीही तिला कारण सांगावं लागू नये. बापाला पुडीसाठी कारण सांगावं लागत नाही.

ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. चार टनांची मजुरी. योजनेबद्दल वाद असतील, पण ज्या बाईच्या नावाने आधी कधी पैसाच आला नव्हता तिने बँकेच्या रांगेत स्वतः उभं राहून तो काढला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मग उचलीचंच वेगळं का? काम जोडीचं, कर्ज जोडीच्या अंगावर, मुकादम दारात येतो तेही जोडी बघून. वहीत नाव मात्र एकाचं आणि रक्कम एकाच्या हातात. यंदाच्या पोळ्यानंतर मुकादम आला की त्याला दोन खाते क्रमांक द्यावेत, निम्मी रक्कम तिच्या खात्यात टाकायला सांगावी. तो कुरकुर करेल. पण ऐन भरतीच्या दिवसांत जोड्या त्यालाही हव्या असतात, आणि तांड्यावरच्या दहा घरांनी मिळून सांगितलं तर त्याला ऐकावंच लागेल.