खाण, माती आणि फड

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात एखाद्यानं दारूपायी जमिनीचा तुकडा घालवला, की पारावरचा निकाल ठरलेला असतो: खाण तशी माती. बाप पीत होता, पोरगा पितो, विषय संपला. गंमत अशी, की दारूवरच्या आपल्या सर्वांत गाजलेल्या नाटकाचा रोख या कारणाकडे नाही. ‘एकच प्याला’ १९१९ साली, नाटककार गडकरी गेल्यानंतर, रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर ग्लास उचलतो तो वकिलीच्या सनदेवर गदा आल्याच्या अपमानानं आणि दारुड्या तळीरामाच्या सोबतीनं. दोष पहिल्या प्याल्याचा आणि तो घेणाऱ्या हाताचा. पुढे अमेरिकेत जेलिनेकनं १९६० साली व्यसनाला आजार मानणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा पिणाऱ्यावरचा नैतिक शिक्का थोडा पुसला गेला. पण आजार झाला तरी तो त्या एकट्याचाच. त्याचं घर उंबऱ्याबाहेरच राहिलं.

घर आत आलं ते आधी रक्ताच्या वाटेनं. डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलग्यांचा अभ्यास मांडला. व्यसनी आईबापांपासून जन्मानंतर काही आठवड्यांतच दुरावलेल्या ५५ जणांपैकी १० जण पुढे व्यसनी झाले, इतर दत्तक मुलग्यांत ७८ पैकी ४. म्हणजे प्रमाण साडेतीन पटींच्या वर. पाराला आनंद व्हावा असा आकडा, पण तो उलटा वाचला की ५५ पैकी ४५ जण सुटले असंही दिसतं. मग १९९८ साली फेलिट्टी आणि आंडा यांनी सॅन दिएगोतल्या नऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं: मारहाण, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, आईवर उगारलेला हात, घरात व्यसनी, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेलं माणूस. अशा सातपैकी चार किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांत दारूच्या व्यसनाची शक्यता सुमारे सातपट निघाली. ही शक्यता बाटलीतून उतरत नाही. संध्याकाळी मोटरसायकलचं स्टँड कसं आपटलं यावरून बाप आज किती प्यालाय हे जे पोर ओळखतं, त्याचं अंग वर्षानुवर्षं ताठलेलंच राहतं. पुढे कधीतरी दारूच्या पहिल्या घोटानं ते सैल पडतं. माझ्या मते वारसा उतरतो तो बराचसा या ताठलेपणाचा.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पिणारा माणूस आठवणीसुद्धा सोयीच्या सांगतो. कॅथी विडम यांनी म्हणूनच आठवणींऐवजी कोर्टाच्या जुन्या नोंदींतली छळ झालेली मुलं शोधून मोठेपणी तपासली. त्यात संबंध स्त्रियांत दिसला, पुरुषांत स्पष्ट दिसला नाही. हे मान्यच केलं पाहिजे: बालपण हे एकमेव कारण नव्हे. दारू किती जवळ आणि किती स्वस्त मिळते, तेही मोजावं लागतं. दुसरा आक्षेप जबाबदारीचा: बापावर ढकललं की पोरगा मोकळा. पण कारण सांगणं म्हणजे माफी देणं नव्हे. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर यांनी अनेक दशकं लक्ष ठेवलं. गरिबी, भांडणं, व्यसन अशा ओझ्याखाली वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली, आणि त्यांच्यापाशी बहुधा एखादं भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, शेजारी, शिक्षक. ‘खाण तशी माती’ ही म्हण शास्त्र असती, तर आजीला त्यात जागाच उरली नसती.

आता ती सात प्रकारांची यादी इकडे आणून पाहा. सॅन दिएगोतले लोक आरोग्यविमा असलेले, बहुतेक शिकलेले. त्यांची आपत्ती घराच्या भिंतीआड घडलेली. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या परिसरात बीड-नगरकडून उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या झोपडीवजा कोपीला भिंतच नसते. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर, आईबाप पहाटेच्या अंधारात फडात, आणि आठ वर्षांची मुलगी कडेवर धाकटा घेऊन चुलीपाशी. तिला कुणी मारलेलं नसेल, बाप पीतही नसेल. यादीत तिचा गुण शून्य. (ऊसतोड करणारेच पितात असं मुळीच नाही, बंगल्यातल्या बाटलीचा बोभाटा होत नाही इतकंच. आणि याच उसाच्या मळीपासून अल्कोहोल निघतं, हेही विसरायला नको.) अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्यांनी काही मुलं फळ्यासमोर बसवली. पण दिवाळीला गावची शाळा सुटते, उन्हाळ्याच्या तोंडावर इकडची, आणि कवाईच्या मुलांना जे भरवशाचं माणूस मिळालं ते इथे दर सहा महिन्यांनी बदलतं. आजी बहुधा मागे, गावाकडे. तिची नात इंदापूरच्या फडात.