ताजी प्रत, शिळी प्रत

२००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्कमधल्या बँकांना सगळा हिशेब एकाच शहरात ठेवण्याची भीती वाटू लागली. २००३ मध्ये फेडरल रिझर्व्ह आणि इतर नियामकांनी बजावलं, की राखीव केंद्र मुख्य केंद्रापासून पुरेसं दूर हवं. नेमकं किती मैल, हे मात्र त्यांनी ठरवून दिलं नाही. त्यानंतरच्या काळातली अशी एक बँक कल्पून ही गोष्ट सांगतो.

बँकेचा मेनफ्रेम मॅनहॅटनमध्ये होता. त्याच्या डिस्कवर जे लिहिलं जाई त्याची एक प्रत न्यूजर्सीत, ४० किलोमीटरवर, आणि दुसरी डॅलसला, सुमारे २,२०० किलोमीटरवर. फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो. न्यूजर्सीला जाऊन परत यायला त्याला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही, म्हणून केबल धड असेपर्यंत तिथून पोच आल्याशिवाय नोंद पुरी झाली असं मेनफ्रेम मानत नसे. डॅलसची फेरी निदान २२ मिलिसेकंदांची. प्रत्येक नोंदीसाठी एवढं थांबलं तर बँकेचं काम तुंबेल. म्हणून ती प्रत मागाहून, काही सेकंदांच्या अंतराने, गटागटाने जाई. नवा गट सगळ्या डिस्कवर पुरता पोचेपर्यंत आधीचा गट पुसला जात नसे.

नवे व्यवस्थापक न्यूजर्सीच्या ताज्या प्रतीवर खूश होते. डॅलसच्या प्रतीला ते शिळी म्हणत.

स्टोरेज सांभाळणाऱ्या बाई तिथे बरीच वर्षं होत्या. त्यांनी एकदा विचारलं, "एखादी केबल तुटली तर सगळ्याच डिस्कची नक्कल एकदम थांबवायची ना? फ्रीझची सोय आहे आपल्याकडे."

"धडधाकट केबलसुद्धा बंद करायच्या? वर काम अडवायचं?" व्यवस्थापक म्हणाले. "ज्या डिस्क लिहिताहेत त्या लिहू देत. जितकं वाचेल तितकं बरं."

"नाही हो. आधी कीर्द लिहायची, मग खतावणी. डेटाबेसही आधी लॉगमध्ये नोंद करतो, मग खात्याचं पान बदलतो. कीर्द कालची आणि खातेवही आजची असं हाती आलं, तर मेळ कोण घालणार? प्रत जुनी असली तरी निभावतं. तिच्यातलं सगळं एकाच क्षणाचं मात्र असायला हवं."

व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं, पण फ्रीझ बंदच राहिलं.

मग एका दुपारी यंत्रशाळेला आग लागली. लॉगच्या डिस्कच्या केबल आधी जळल्या. त्यांची नक्कल तेवढी थांबली, काम चालूच राहिलं. खात्यांच्या डिस्क आणखी नऊ मिनिटं न्यूजर्सीला लिहीत राहिल्या. मला या गोष्टीत आगीपेक्षा या नऊ मिनिटांचंच भय वाटतं. बहुतेक केबल चालू होत्या, आकडे पळत होते, आणि प्रत आतून नासत चालली होती.

न्यूजर्सीत डेटाबेस उभा राहीना. एका खात्यातून पाचशे डॉलर वजा झालेले, दुसऱ्या खात्यात जमा नाहीत. व्यवहार पुरा झाला की अर्धवट राहिला, हे सांगणारी नोंद लॉगमध्ये नाही. अशी किती खाती, हेही कळायला मार्ग नाही. रात्रभर माणसं बसली आणि शेवटी त्यांनी ती प्रत सोडून दिली.

लॉगच्या डिस्कशिवाय नवा गट पुरा होईना, म्हणून डॅलसची प्रत पहिली केबल जळण्याच्या काही सेकंद आधीच्या क्षणावर थांबली होती. तिथे डेटाबेस सुरू झाला, लॉग वाचून त्याने अर्धवट व्यवहार मागे घेतले आणि खाती जुळली. राहिलेली नऊ-दहा मिनिटं शाखांतल्या पावत्या आणि इतर बँकांचे संदेश पाहून पुन्हा भरली. दोन दिवस गेले, पण काय भरायचं ते माहीत होतं.

मेनफ्रेम पुन्हा उभा राहिला तेव्हा व्यवस्थापकांनी स्वतः बाईंना बोलावून फ्रीझ चालू करून घेतलं. पुढे रस्ता खणताना एक केबल तुटली आणि सगळ्या डिस्कची नक्कल एकदम थांबली. कामही क्षणभर अडलं. शाखांतून चिडून फोन आले. ते सगळे व्यवस्थापकांनीच घेतले.