माळकऱ्याने शिक्का का पाहावा

आमच्या कळंबोलीच्या भजनी मंडळात एकाने मला टोकलं, "माळकरी ना तुम्ही? मग सोन्याच्या शिक्क्याची एवढी चौकशी कशाला?" गीतेच्या सहाव्या आणि चौदाव्या अध्यायांत ढेकूळ, दगड नि सोनं सारखंच मानणाऱ्या माणसाचं वर्णन येतं, त्यावर त्याचा भर. राका कुंभाराची गोष्टही त्याने सांगितली. वाटेत पडलेलं सोनं पाहून बायकोला, बांकाला मोह होऊ नये म्हणून राका त्यावर माती लोटू लागला, तर बांकाने विचारलं, मातीवर माती कशाला?

गोष्ट मलाही प्रिय आहे. पण राका-बांकाने ते सोनं कुणाला विकलं नाही, कुणाच्या लेकीच्या हातात घातलं नाही. समदृष्टी आपल्या हावेला लावावी. दुसऱ्याच्या हक्काला लावली, तर ती बेपर्वाई होते. इथल्या लोखंड बाजारात माथाडी म्हणून मी आयुष्य काढलं. लोखंडाचा मोह मला कधीच नव्हता, तरी काट्यावरचं वजन चुकलेलं चालवून घेतलं नाही.

आणि आपल्याकडे नरहरी सोनार आहेतच. विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही म्हणून डोळे बांधून ते देवळात गेले, कारण त्यांनी घडवलेली साखळी मूर्तीच्या कमरेला नीट बसेना. म्हणजे कट्टर शिवभक्ताला विठ्ठलापर्यंत नेलं ते मापाने! काम अचूक व्हावं ही तळमळ नसती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

राहिली शुद्धतेची गोष्ट. २४ कॅरट सोनं इतकं मऊ की रोजच्या वापराच्या पाटल्या त्यात टिकत नाहीत. २२ कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. १८ कॅरटमध्ये ७५०. तांबं मिसळणं हे पाप नव्हे. खोट असते ती न सांगितलेल्या तांब्यात. १८ कॅरटची अंगठी १८ची म्हणून विकली, तर तो व्यवहार माझ्या लेखी सोळा आणे शुद्ध. म्हणून दागिना घेताना बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, तिन्ही भिंगातून पाहावेत. तो क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून दुकानातच ताडून घ्यावा. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या जिनसांना सूट आहे, तिथे पावती नीट वाचावी. चांगल्या सराफाला अशा विचारण्याचा राग येत नाही. त्याचीही पत त्यावरच उभी असते.

आईच्या पाटल्या आणि पुतळ्यांची माळ यांवर मात्र कसलाच शिक्का नाही. दोघी बहिणी म्हणतात, "दादा, वजनावर वाटून टाक." वजन सारखं आलं तरी टंच सारखा असेलच असं नाही, आणि ज्या बहिणीला हिणकस जाईल ती कधी बोलून दाखवणार नाही. त्यामुळे दोन्ही जिनसा आधी हॉलमार्किंग केंद्रात तपासून आणणार आहे, वाटणी त्यानंतर.