चोर सोडून संन्याशाला

एखादे यंत्र कायमचे बंद पडले तर त्याची दुरुस्ती तुलनेने सोपी असते. दोष आपल्या जागी बसून राहतो. शोधणाऱ्याने तेवढे तिथवर पोचायचे असते. खरी कसोटी लागते ती दोष येऊन-जाऊन असला म्हणजे. सकाळी निमूट सुरू झालेली गाडी संध्याकाळी हटून बसते आणि मिस्त्रीच्या दारात नेली की पहिल्याच किल्लीला शहाण्यासारखी सुरू होते. आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या डिझेल जीपने सात-आठ महिने आम्हांला असेच खेळवले. ती हकिगत सांगण्याचे कारण जीप नव्हे. तिच्या निमित्ताने मी एका मुलाचा न्याय केला आणि तो न्याय अन्याय ठरला, हे कारण आहे.

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस, गोदेच्या अंगाला पसरलेल्या काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात पायी चालणेही अवघड होते. तशाच एका रात्री घनसावंगी तालुक्यातील एका गावाहून निरोप आला. एक वृद्ध माता अखेरच्या घटका मोजीत होती आणि पवित्र तेलाच्या अभ्यंगासाठी धर्मगुरूची वाट पाहत होती. जीपची देखभाल करणारा, ती चालवणारा विशीतला एक मुलगा आमच्याकडे होता. त्याने किल्ली फिरवली. ‘कट्’ असा आवाज झाला आणि पुढे काही नाही. पुन्हा तेच. तो म्हणाला, “फादर, धक्का मारला की लगेच लागेल.” परंतु आवारात चिखल झालेला, दोघांच्या बळाने जीप जागची हलेना. वस्तीतली चार माणसे उठवून आणीपर्यंत तास गेला. धक्का मिळताच जीप सुरू झाली, पण आम्ही पोचलो तेव्हा त्या मातेने डोळे मिटून पाव तास झाला होता.

निघण्यापूर्वी, त्या चार माणसांच्या देखत, मी मुलाला म्हणालो होतो, “रात्री दिवे चालू ठेवून बॅटरी उतरवलीस ना? तुझ्या हलगर्जीपणापायी एक जीव संस्कारावाचून जाणार.” तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी हिशेब आणि किल्ली टेबलावर ठेवून तो निघून गेला.

मी नवी बॅटरी बसवली. पुढे अठरा दिवस जीपने एकदाही दगा दिला नाही. मुलगा गेला, बॅटरी बदलली, दोष संपला! माझे निदान खरे ठरले याहून आणखी कोणता पुरावा हवा होता? आपल्या तर्कशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात, आणि घरातली म्हातारी माणसे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. जो दोष मुळातच येऊन-जाऊन आहे, त्यावर केलेला कोणताही उपाय काही दिवस यशस्वी दिसणारच. एकोणिसाव्या दिवशी जीप पुन्हा ‘कट्’ म्हणून गप्प बसली.

मग जालन्याच्या एका वयस्क मिस्त्रींना मी बोलावून आणले. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी मला प्रश्न विचारले. केव्हा बंद पडते? गार असताना की तापल्यावर? पावसानंतर? कोणत्या रस्त्याने आल्यावर? एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. उत्तर होते ते शेडच्या भिंतीवर. तिथे टांगलेल्या कालनिर्णयाच्या पानांवर काही तारखांपुढे पेन्सिलीने ठिपके दिलेले होते आणि प्रत्येक ठिपक्याजवळ त्या दिवशी जीप कोठे गेली होती त्या गावाचे आद्याक्षर होते. तो मुलगा सहा महिने ही नोंद ठेवीत होता. एक ठिपका सोडला तर सगळे ठिपके कच्च्या रस्त्यांच्या गावांचे होते. पावसाने ते रस्ते बंद पडल्याने माझ्या त्या अठरा दिवसांत जीप डांबरी सडक सोडून कोठे गेलीच नव्हती.

मिस्त्रींनी मग गाठी एकेक करून सोडवल्या. धक्क्याने सुरू होते, म्हणजे इंजिनात आणि डिझेलच्या पुरवठ्यात खोट नाही. किल्ली फिरवताना दिवे मंद होत नाहीत, म्हणजे बॅटरी उतरलेली नाही. हादऱ्यांनंतर बिघडते, म्हणजे कोठेतरी जोड ढिला आहे. राहिली ती बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची आणि तेथून परतीची वाट. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असते. ते हलते, चासी हलत नाही. म्हणून दोहोंना तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडतात आणि स्टार्टरची वीज त्या पट्टीतून बॅटरीकडे परतते. आमच्या जीपच्या पट्टीचे बहुतेक धागे तुटलेले होते आणि बोल्टाखाली तेल-गंजाचा थर साचला होता. त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या अंगाला एक जाड तार लावली. जीप सुरू झाली. तार काढली, ‘कट्’. पुन्हा लावली, सुरू. तीनदा असे केल्यावरच त्यांनी “दोष सापडला” असे म्हटले.

या दोषाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. तुटक्या पट्टीचा अडथळा ओहमच्या एका पन्नासांशाइतका, म्हणजे 0.02 असला, तरी पाच अँपियरच्या किरकोळ ओझ्याला त्यात व्होल्टचा दहावा भागच खर्ची पडतो. तो कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टर दीडशे-दोनशे अँपियर मागतो. दीडशे अँपियरला त्याच जागी तीन व्होल्ट खर्ची पडतात, आणि बारा व्होल्टांच्या बॅटरीला हा तोटा सोसत नाही. ‘कट्’ आवाजापुरती वीज त्या उरलेल्या धाग्यांतून जाते. इंजिन फिरवण्यापुरती जात नाही. दोष रोज तिथेच असतो. दिसतो मात्र भार पडेल तेव्हा, तोही धागे अंतरले असतील तर.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. अधूनमधून चुकणाऱ्या वस्तूचे निदान आणि अधूनमधून चुकणाऱ्या माणसाचा न्याय, या दोन्ही गोष्टी एकाच रीतीने कराव्यात काय?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात संशयाचा विचार करताना नेमका हाच भेद केला आहे. वस्तूविषयी मत बनवताना ती जशी आहे तशीच ओळखण्याचा प्रयत्न करावा, कारण आपण तिला बरे म्हटले काय किंवा वाईट म्हटले काय, तिचे काही बिघडत नाही. माणसाची गोष्ट निराळी. आपल्या मताने त्याचा मान राहतो किंवा जातो. म्हणून स्पष्ट पुरावा नसेल तेथे त्याच्याविषयी चांगलाच अर्थ घ्यावा. असे केल्याने आपली फसगत पुष्कळदा होईल, हे त्यांना मान्य आहे. तरीही क्वचित एखाद्या सज्जनाला दुर्जन ठरवण्यापेक्षा ती फसगत बरी, असे ते सांगतात.

मी त्या रात्री नेमके उलट केले. वस्तूवर विश्वास टाकला आणि माणसावर संशय घेतला. पट्टी, बोल्ट, तार यांतील कशाचीही मी झडती घेतली नाही. मुलाची मात्र घेतली, आणि तीही पुराव्यावाचून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

यावर कुटुंबवत्सल वाचक विचारतील, “फादर, मग घरातल्या चुकणाऱ्या माणसाकडे डोळेझाक करायची काय?” तसे नव्हे. संत थॉमस यांनीच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. उपाय योजताना वाईटात वाईट शक्यता गृहीत धरायला हरकत नाही. निवाडा देताना ती गृहीत धरू नये. रात्री दाराला कडी घालणे म्हणजे शेजाऱ्याला चोर ठरवणे नव्हे. उपवासकाळात दारू सोडलेला बाप चार महिने नेटका राहतो आणि कापसाचे पैसे हाती आले त्या दिवशी पुन्हा पिऊन येतो. घरची माणसे म्हणतात, “चार महिन्यांचे ते नाटकच होते.” नाटक कसे? दिवे खरोखरच लागत होते. मात्र मोठा भार आला आणि दुबळा धागा उघडा पडला. पुढच्या वेळी पैसे त्याच्या पत्नीच्या हाती पडावेत अशी तजवीज जरूर करा. मात्र मुलांच्या देखत त्याला ढोंगी म्हणू नका.

यंत्राची उपमा येथेच संपते, हेही सांगितले पाहिजे. पट्टीला इच्छा नसते, माणसाला असते. म्हणून माणसाच्या चुकीत दुबळेपणा किती आणि संमती किती, हे बाहेरून मोजण्याचे मापक कोणाही मिस्त्रीजवळ नाही आणि धर्मगुरूजवळही नाही. ते ज्याचे त्याने आत पाहून ओळखायचे असते. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त त्यासाठी एक साधी रीत घालून दिली आहे. एकच दोष निवडावा, दुपारी आणि रात्री मनाची झडती घ्यावी, जितक्यांदा चूक झाली तितके ठिपके रेघेवर द्यावेत आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहावी. सेमिनरीत आम्ही हे शिकलो होतो. माझ्या रेघा केव्हाच कोऱ्या राहू लागल्या होत्या. माझ्या शेडमधल्या मुलाने मात्र ती विद्या न शिकता जीपसाठी चालवली होती.

तो जालन्यातील एका रोलिंग मिलमध्ये कामाला लागला होता. पाळी सुटण्याच्या वेळी मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पट्टीची हकिगत सांगितली आणि क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, त्या रात्री जीपचे दिवे लख्ख लागलेले होते. तुम्ही बोलत होतात तेव्हा माझ्या तोंडावरच पडले होते.”

खरेच पडले होते. बॅटरी उतरली नसल्याचा पुरावा ज्या उजेडात माझ्यासमोर होता, त्याच उजेडात मी त्याला दोषी ठरवले होते.

दुसऱ्याची अब्रू घेतली तर ती भरून देणे हे चोरीचा माल परत करण्याइतकेच बंधनकारक आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे, आणि ज्यांच्यासमोर घेतली त्यांच्यासमोरच ती भरून द्यावी लागते. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ते चौघे मंदिरात असल्याची खात्री करून घेऊन मी ही सगळी हकिगत सांगितली. त्या मातेचे कुटुंबही आले होते. मुलगा आला नव्हता. त्याची त्या दिवशी पाळी होती. तो परत कामाला आला नाही आणि मीही गळ घातली नाही. कालनिर्णयाची ती पाने मात्र मी शेडमधून आणून माझ्या टेबलापुढे लावली आहेत.