वारशाचा परवाना

आमच्या घरी खुंटीला आजोबांचे संबळ टांगलेले आहे. आजोबा गोंधळी. त्यांच्यामागे ते कोणी वाजवले नाही. मात्र दर दसऱ्याला मी त्याला झेंडूचा हार घालतो आणि आपण वारसा सांभाळला, असे समाधान मानून घेतो. गेल्या वर्षी पुतण्या म्हणाला, "काका, गिटारच्या जोडीला संबळ हवे होते. द्याल का?" मी ताडकन उत्तरलो, "देवीचे वाद्य आहे ते. तुमच्या धांगडधिंग्यासाठी नाही!"

पोरगा वाद घालीत बसला नाही. 'द हू' नावाच्या मंगोलियन वादकांचा पहिला गीतसंग्रह त्याने मला ऐकवला. २०१९ साली निघालेला, नाव 'द गेरेग'. प्रथम मी कानांवर हातच ठेवले. ढोलांचा दणदणाट, विजेच्या गिटारींचा गडगडाट, गळ्याच्या तळातून घुमणारे आवाज! पण त्या गदारोळातून एक तंतुवाद्य हळूच वर आले. त्याचे नाव मोरीन खूर. तारा दोनच, त्याही घोड्याच्या केसांच्या. माथ्यावर घोड्याचे कोरीव मुंडके. गवताळ माळावरच्या पशुपालकांचे ते वाद्य.

गेरेग म्हणजे मंगोल साम्राज्यातला परवाना. तो जवळ असला की दूताला वाटेत ताजे घोडे, अन्न, निवारा मिळे. मला प्रश्न पडला: पूर्वजांचे सूर घेऊन जगभर निघालेल्या या मंडळींना परवाना दिला कोणी? आणि पुतण्याला तो नाकारण्याचा अधिकार मला तरी कोणी दिला?

त्याच संग्रहातल्या 'युवे युवे यू' या गाण्यात, पूर्वजांचे नाव मिरवून स्वतः स्वस्थ बसणाऱ्यांना खडसावले आहे. अर्थ कळला तसा मी ओशाळलो. वर्गात शिवरायांचे नाव घेताना माझा आवाज चढतो. पण गडावर सहल नेली की मुलांनी टाकलेले कागद उचलायला माझी कंबर वाकत नाही.

मग वारशाचे वाटेल ते करावे काय? तसेही नाही. ही मंडळी संगीत रीतसर शिकून, मगच ते मोडायला-जोडायला निघाली. मला वाटते, खरा परवाना शिकण्याने मिळतो. नुसत्या जन्माने नाही. आणि दूताला घोडा देत, तो पुढच्या मुक्कामी पोचावा म्हणून. तबेल्यात बांधून त्याची पूजा करावी म्हणून नव्हे.

मी संबळ खाली काढले. एका बाजूचे कातडे पार उलले होते. इतकी वर्षे हार घालताना ते मला दिसलेच नव्हते!

नवे कातडे चढवून घेतले. पुतण्याला एकच अट घातली: आधी शीक. दर रविवारी तो शेजारच्या गावी एका वृद्ध गोंधळ्याकडे जातो. यंदा दसऱ्याला हार घेऊन मी खुंटीपाशी गेलो, तर खुंटी रिकामी. तेवढ्यात परसातून अडखळता ठेका ऐकू आला. हार तसाच हातात धरून मी ऐकत उभा राहिलो.